शेटजींची पक्षनिष्ठा

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पैसा आणि पक्ष यांच्या नात्याविषयी होती. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, त्याबद्दल इतर पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वय ७८ आहे आणि बालपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेले. त्या काळी निवडणुकीच्या सभांमधून जनसंघाला ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ म्हणून हिणवलेले मी स्वतः ऐकले आहे. वडील मात्र हसून म्हणत, ‘खरे शेटजी काँग्रेसभवनाच्या पायऱ्या चढतात, आपल्या पेठेत कशाला येतील?’ मग धनिकांचा खरा पक्ष कोणता होता आणि आज कोणता आहे?

उत्तर : आपल्या वडिलांचे निरीक्षण बिनचूक होते. आधी शब्दाविषयी सांगतो. ‘शेटजी-भटजी’ हे विशेषण जनसंघासाठी घडवलेले नव्हते. जनसंघ स्थापन झाला १९५१ मध्ये, आणि पुण्यातली ब्राह्मणेतर चळवळ त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधीपासून हा शब्द वापरत होती. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पिढीने तो काँग्रेसवरच रोखला होता. पुढे जेधे स्वतः काँग्रेसमध्ये गेले, तेथून शेतकरी कामगार पक्षात आले आणि अखेर पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. दरम्यान शब्दाची पाटी एका दारावरून निघून दुसऱ्या दारावर लागली.

या शब्दातला शेटजी कोण, हेही पाहिले पाहिजे. तो गावातला सावकार, पेठेतला कापडवाला, भुसार दुकानदार. गिरणीमालक किंवा पोलाद कारखान्याचा धनी त्यात अभिप्रेत नव्हता. या लहान शेटजीची पक्षनिष्ठा सहसा पक्की असते, कारण ती घरातून, आळीतून आणि शाखेतून आलेली असते, आणि दिल्लीत कोणाचे सरकार आहे यावर त्याच्या गल्ल्याचा हिशेब फारसा अवलंबून नसतो. मोठ्या शेटजीचे तसे नाही. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यानंतर कारखाना काढायचा, वाढवायचा किंवा नवा माल काढायचा, तरी परवाना लागू लागला. आकुर्डीच्या कारखान्यातली स्कूटर मिळावी म्हणून पुणेकर वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, हे आपल्याला आठवत असेल. एवढे गिऱ्हाईक दारात उभे असूनही उत्पादन वाढवायचे तर दिल्लीची परवानगी घ्यावी लागे. ज्याचा धंदा सरकारी सहीवर चालतो त्याची निष्ठा सही करणाऱ्या खुर्चीशी जडते आणि खुर्चीवरचा माणूस बदलला की तीही सरकते. आपल्या प्रश्नाला माझे खरे उत्तर एवढेच आहे. पुढे आहेत ते त्याचे दाखले.

स्वातंत्र्यापूर्वी चित्र थोडे वेगळे होते. जमनालाल बजाज हे काँग्रेसचे अनेक वर्षांचे खजिनदार. त्यांनी सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली आणि तुरुंगवास सोसला. घनश्यामदास बिर्ला यांनी गांधीजींच्या कामाला अफाट पैसा पुरवला. सत्ता इंग्रजांची असताना काँग्रेसला पैसा देणे हा तोट्याचा सौदाही ठरू शकत होता, म्हणून त्या पिढीच्या निष्ठेला मी निव्वळ हिशेब म्हणणार नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र तोच पैसा सत्ताधारी पक्षाला जाऊ लागला आणि हिशेब व निष्ठा वेगळे काढणे कठीण झाले.

याची पहिली मोठी झडती मुंबई उच्च न्यायालयात झाली. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. मात्र हा पैसा उद्या लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असा इशाराही त्याच निकालपत्रात देऊन ठेवला. १९६० मध्ये संसदेने कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा घातली.

दरम्यान १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी आणि प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. परवानाराजाला उघड विरोध करणारा हा पक्ष उद्योगपतींचा हक्काचा पक्ष व्हायला हवा होता, आणि मतांनी तो बहुतेकांचा होताही. पण पैशाने झाला नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १९६१ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून कळवले की आपला समूह काँग्रेसबरोबरच स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहे. विरोधी पक्षाला पैसा देण्यापूर्वी पंतप्रधानांना पत्र लिहावेसे वाटणे, यातच त्या काळाचे सगळे चित्र आले. नेहरूंनी हरकत घेतली नाही, फक्त त्या पक्षाच्या भवितव्याविषयी शंका व्यक्त केली. घनश्यामदास बिर्लांचा कल मात्र व्यापाऱ्याने काँग्रेसबरोबरच राहावे असा होता.

त्यांच्याच पुत्राची कथा या सदरासाठी मुद्दाम जपून ठेवण्यासारखी आहे. कृष्णकुमार बिर्ला १९७१ मध्ये राजस्थानातल्या झुंझुनूमधून स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर लोकसभेला उभे राहिले आणि काँग्रेसकडून पराभूत झाले. पुढे ते इंदिरा गांधींच्या निकटवर्तीयांत गणले जाऊ लागले आणि १९८४ पासून २००२ पर्यंत राज्यसभेत बसले, तेही काँग्रेसचे सदस्य म्हणून. त्याच १९७१ च्या निवडणुकीत नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे होते, तेही पडले. पैसा मते मिळवायला मदत करतो, पैसेवाल्याला स्वतःला मते मिळतीलच असे नाही.

बजाज घराण्याच्या तीन पिढ्याही पाहा. आजोबा काँग्रेसचे खजिनदार. कमलनयन बजाज वर्ध्याचे काँग्रेस खासदार. १९६९ मध्ये पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराजींच्या विरुद्ध गटात गेले. नातू राहुल बजाज २००६ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले. पाठिंबा भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस अशा तिघांचा, आणि पराभूत उमेदवार काँग्रेसचा. याच राहुल बजाजांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका समारंभात गृहमंत्री अमित शहा समोर बसलेले असताना सांगितले, की उद्योगपती सरकारवर उघड टीका करायला घाबरतात. सभागृहातल्या बाकीच्या धनिकांनी त्यांच्या सुरात सूर मिसळल्याचे कोणी ऐकले नाही.

१९६९ विषयी एक राहिले. त्या वर्षी कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी आली. हेतू भ्रष्टाचार रोखण्याचा सांगितला गेला, पण स्वतंत्र आणि जनसंघ यांच्याकडे वळू लागलेला पैसा आटावा, हाही हिशेब त्यामागे होता असे अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटते. निवडणुकीचा खर्च काही थांबला नाही. धनादेश बंद झाला आणि बॅग सुरू झाली. बंदी उठली १९८५ मध्ये, पण सोळा वर्षांत पक्षांना आणि धनिकांना रोखीची जी सवय लागली ती कायद्याने सुटण्यातली नव्हती.

प्रश्न : मी बाणेरला राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि दरमहा थोडे शेअर घेतो. माझ्याकडे शेअर असलेल्या एका कंपनीचे नाव निवडणूक रोख्यांच्या यादीत निघाले. तो पैसा काही अंशी माझाही होता ना? मला कोणी विचारले का? आणि एकच कंपनी एकमेकांशी भांडणाऱ्या पक्षांना पैसे कसे देते?

उत्तर : आपल्याला विचारण्याची सक्ती कायद्यात नाही. संचालक मंडळाचा ठराव पुरतो. १९५७ चा तो भागधारक जो प्रश्न घेऊन न्यायालयात गेला होता तोच आपण बाणेरहून विचारला आहे, आणि त्याचे उत्तर अजून तेच आहे.

मर्यादांचा इतिहास थोडक्यात असा. १९८५ नंतर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी देता येत असे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८२ ने ती साडेसात टक्के केली. २०१७ मध्ये मर्यादाच काढली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे ताळेबंदाबरोबर जाहीर करण्याचे बंधनही काढले. म्हणजे नफा न कमावणारी कंपनीसुद्धा हवे तेवढे देऊ शकत होती आणि भागधारकाला पक्षाचे नाव कळत नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून मिळत आणि पंधरा दिवसांत वटवावे लागत. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे. पण कागद अतिनील दिव्याखाली धरला की उजव्या कोपऱ्यात साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक उमटत असे. योजनेतली गुप्तता कोणासाठी होती आणि कोणासाठी नव्हती, हे त्या एका कोपऱ्यातून समजून घ्यावे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना रद्द केली आणि कंपन्यांना अमर्याद देणग्या देण्याची मुभाही घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये यादी प्रसिद्ध झाली. एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपने सुमारे ६,०६० कोटी रुपयांचे रोखे वटवले होते, तृणमूल काँग्रेसने सुमारे १,६०९ कोटींचे आणि काँग्रेसने सुमारे १,४२१ कोटींचे. केंद्रात दुसऱ्या क्रमांकाचा असलेला पक्ष एका राज्यापुरत्या सत्ताधारी पक्षाच्या मागे पडला, हे लक्षात घ्या. सर्वांत मोठी खरेदीदार ठरली ती लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग ही कंपनी. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले. त्यांतला मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुक यांना गेला, त्याखालोखाल वायएसआर काँग्रेसला, आणि शंभर कोटींच्या आसपास भाजपला, पन्नास कोटींच्या आसपास काँग्रेसला. या पाच पक्षांचे एका व्यासपीठावर एकमत होईल असा विषय मला सुचत नाही. पण हे पाचही पक्ष त्या काळात कधी ना कधी, कोठे ना कोठे सत्तेवर होते. आपण भरतो तसा हा विम्याचा हप्ता आहे, फक्त विमा कंपन्या अनेक आहेत.

सगळेच असे देतात असे मात्र नाही. टाटा समूहाने १९९६ मध्ये निवडणूक न्यास स्थापन करून लोकसभेतल्या संख्याबळाच्या प्रमाणात देणगी वाटण्याची पद्धत सुरू केली. तिच्यात स्वतःची निवड जवळजवळ उरत नाही, हा तिचा गुण. पण जो आधीच मोठा आहे त्यालाच ती आणखी मोठा करते, हा दोषही तिच्यात आहेच. आपण एवढे करावे : कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून नफा-तोटा पत्रकाच्या टिपांमध्ये राजकीय देणगीची नोंद शोधावी, आणि सर्वसाधारण सभेत, आता ती घरबसल्याही होते, प्रश्न विचारावा. लेखी विचारलेला प्रश्न टाळणे अध्यक्षांना अवघड जाते.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडचे अब्जाधीश आपण कोणत्या पक्षाचे हे छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडे सगळे तोंड मिटून. हा स्वभावाचा फरक आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : स्वभावापेक्षा कायद्याचा फरक मोठा आहे. अमेरिकेत संघराज्य पातळीवरच्या उमेदवारांना कंपन्यांनी थेट देणगी देण्यावर १९०७ पासून बंदी आहे, त्यामुळे देणगी व्यक्तीच्या नावाने जाते. आणि २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण सरकारी नोंदीत येऊन सर्वांना पाहता येते. नाव झाकताच येत नसेल तर ते मिरवावे, हे ओघानेच आले. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वतंत्र प्रचारावरील खर्चाची दारे उघडली आणि आकडे फुगले. काही धनिक तेथे खरोखर निष्ठावंत आहेत. जॉर्ज सोरोस वर्षानुवर्षे डेमोक्रॅटिक बाजूला देत आले आणि कोक बंधूंचा पैसा दशकानुदशके उजव्या बाजूला गेला.

वित्तवाल्यांचे मात्र तेथेही पाणी उताराकडेच जाते. २००८ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेतले कर्मचारी बराक ओबामांच्या सर्वांत मोठ्या देणगीदार गटांपैकी एक होते. २०१० मध्ये बँकांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि २०१२ मध्ये त्याच बँकेतला पैसा ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांच्याकडे वळला. इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि २०२५ च्या जूनमध्ये दोघे जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे खरे आहे : तिकडे निष्ठा दिसते, आणि ती ढळली की तेही दिसते. आपल्याकडे दोन्ही झाकलेले राहते.

प्रश्न : पेशवाईतल्या सावकारांनाही पक्ष होते का? – एक विद्यार्थिनी, शनिवार पेठ

उत्तर : आजच्या अर्थाने पक्ष नव्हते, गट मात्र होते, आणि सावकाराचे वजन ज्या गटात पडे तो जड होई. थोरले बाजीराव कर्जाने किती पिचले होते हे त्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून कळते. त्यांच्या सावकारांपैकी एक घराणे बारामतीच्या नाईकांचे. बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात आबाजी नाईकांना दिलेली, म्हणजे सावकार आणि सोयरा एकच. १७४० मध्ये बाजीराव वारले तेव्हा आबाजींचे बंधू बाबूजी नाईक स्वतःच पेशवेपदावर हक्क सांगू लागले आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांना पुढे केले. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. मग नाईकांनी थकलेल्या कर्जाचा तगादा लावला आणि महादोबा पुरंदऱ्यांनी पैशाची तजवीज करून नानासाहेबांची अब्रू राखली.

यातला बारकावा असा की येथे धनको सत्तेला पैसा पुरवून थांबला नाही, त्याला सत्ताच हवी झाली. पुढे याच बाबूजींनी मोरोपंतांना आश्रय दिला, म्हणून मराठी वाचकाने त्यांच्याविषयी फार कडू बोलू नये. बारामती, सत्ता आणि घरातली भाऊबंदकी यांचे नाते किती जुने आहे, हे मात्र आपल्या लक्षात आलेच असेल.

प्रश्न : गुलटेकडीला माझे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे लोक वर्गणीला येतात. मी सगळ्यांना देतो, मत मात्र एकालाच. बायको म्हणते हा दुटप्पीपणा आहे. शिवाय एका सल्लागाराने सुचवले की एका लहानशा पक्षाला धनादेशाने मोठी देणगी द्या, तो कमिशन कापून रोख परत देईल आणि कर वाचेल. काय करावे?

उत्तर : वहिनींचे म्हणणे मला पुरते मान्य नाही. माझ्या माहितीतले भवानी पेठेतले एक वृद्ध व्यापारी होते. गादीच्या उजव्या हाताला, भिंतीवर, पावत्या खोचायची लोखंडी तार टांगलेली असे. तिच्यात खालपासून वरपर्यंत गणपती मंडळांच्या, नवरात्राच्या, हमालांच्या सप्ताहाच्या आणि निवडणुकीच्या पावत्या ओळीने खोचलेल्या असत. पंजा, कमळ, धनुष्यबाण सगळे एकाच तारेत. नवा कार्यकर्ता आला की ते काही न बोलता तारेकडे बोट दाखवत आणि गेल्या खेपेची त्याच पक्षाची पावती काढून तेवढेच पैसे मोजून ठेवत, रुपयाही जास्त नाही. एका वर्षी कोणीतरी वाढवून मागितले. तेव्हा त्यांनी विचारले, ‘गेल्या वेळी दिलेल्यात माझ्या गाळ्यासमोरचं गटार झालं का?’ ते झाले नव्हते. आपली तीच गोष्ट आहे : ही देणगी शेजारधर्माची आणि थोडीशी भीतीची आहे, तिला निष्ठेच्या मापाने मोजू नये. मोठ्या कंपन्यांशी आपली तुलना एकाच बाबतीत होऊ शकते, ती म्हणजे वाटपाच्या पद्धतीत. बदल्यात कोणता ठेका किंवा परवाना आपल्याला मिळतो, असे काही आपल्या पत्रावरून दिसत नाही.

सल्लागाराचा सल्ला मात्र सरळ धुडकावून लावा. देणगी देऊन रोख परत घेणे ही करचुकवेगिरी आहे आणि अशा नावापुरत्या पक्षांना दिलेल्या देणग्यांवर प्राप्तिकर खात्याची नजर आहे. वजावट नामंजूर होते, वर व्याज आणि दंडही पडतो. खरी देणगी द्यायची असेल तर नोंदणीकृत पक्षाला धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी. अशा देणगीवरची प्राप्तिकराची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि रोख देणगीवर मुळीच मिळत नाही. दोन हजारांपेक्षा जास्त रोख रक्कम पक्षाने घ्यायची नाही, असा नियम आहे. दारात येणाऱ्या कार्यकर्त्याला तो ऐकवून पाहा, आणि दोन हजारांच्या आत दिलेत तरी पावती घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.